झाकायची पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे, पण माझ्यावरून सरळ रेघ मारता येत नाही. मी जाड पुठ्ठ्याची, वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद. माझं काम झाकण्याचं.

मित्रांनो, माझा जन्म एका छापखान्यात झाला. छपाईआधी मजकुरातल्या चुका हुडकणारे एक गृहस्थ तिथे होते. एका फाटक्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यातून त्यांनी मला कापलं. ओळीखाली मला ठेवायचं, ओळ वाचून झाली की खाली सरकवायचं. म्हणजे डोळा घाईने पुढे पळत नाही. एकवीस वर्षं आम्ही असे ओळीओळीने उतरलो. तुमच्या पट्टीखालून मुंगी सुटायची नाही, असं छापखान्याचे मालक म्हणत. छापून आलेल्या अंकात एकही चूक निघाली नाही, की ते गृहस्थ माझ्या पाठीवर पेन्सिलीने बारीक खूण करत. एकवीस वर्षांत अशा त्रेचाळीस खुणा झाल्या. मुंग्या सुटत होत्या तर.

पुढे चुका शोधायचं यंत्र आलं आणि आमचं टेबल तिथून हललं. त्यांनी मला डब्याच्या पिशवीतून घरी नेलं. सहा वर्षं मी खणात पडून होते. शेजारी तुटकी बटणं आणि संपलेले सेल. कुणी खण उघडलाच तर तो कात्रीसाठी.

मग एके दिवशी दुपारी चार वाजता वरच्या मजल्यावरच्या ताई खाली आल्या. त्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. एकोणीस वर्षं वाफेत आणि सोड्यात काढलेली. मनगटं आता चादर पिळताना दगा देत होती. इस्पितळाच्या भांडारात कारकुनाची जागा होती, पण त्यासाठी खात्याची परीक्षा. बाकी विषय त्यांना जमत. भाषेच्या वीस प्रश्नांत बारा बरोबर लागत, पास व्हायला चौदा हवेत. गेल्या वर्षी अकरा आले होते. पंचेचाळिशीनंतर परीक्षेला बसता येत नाही आणि ताईंना चव्वेचाळीस पूर्ण झालेली. धुलाईघरात त्यांना आधीपासूनच ‘साहेबीणबाई’ म्हणायला लागले होते.

काकांनी, म्हणजे मला कापणाऱ्या त्या गृहस्थांनी, सरावाचं पुस्तक उघडलं. ‘चादरींची यादी दोन जुन्या पलंगांमागे ____.’ ताईंनी पर्याय निवडला, ‘सापडले’.

"पलंग हरवले होते का, ताई?" काकांनी विचारलं.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी नीट सांगितलं, की धुलाईघरात गाठोड्याची चिठ्ठी शेवटच्या चादरीला बांधतात. शेवटची चादर ज्या वॉर्डची, अख्खं गाठोडं त्या वॉर्डचं. हात तसाच बसलाय. वाक्यातही शेवटचा शब्द दिसला की त्यालाच सगळं बांधून मोकळ्या होतात. इतकं चोख कारण काकांनी छापखान्यात कधी ऐकलं नव्हतं.

ते म्हणाले, मधले शब्द बोटांनी झाका. ताईंनी हात मांडीवर ओढून घेतले. बोटं सुजलेली, नखं सोड्याने चिरलेली. काकांच्या स्वच्छ पुस्तकावर ती ठेवायला त्यांना संकोच वाटला. तेव्हा खण उघडला. या वेळी कात्रीसाठी नव्हे.

‘दोन जुन्या पलंगांमागे’ मी झाकलं. उरली यादी आणि रिकामी जागा. ताई म्हणाल्या, "सापडली." एवढंच.

पाच महिने आम्ही रोज चारला बसलो. कधी क्रियापद नेमकं कुणाचं ते शोधायचं, कधी शब्द भलतीकडे ठेवल्याने बिघडलेलं वाक्य ओळखायचं. ‘चादरींना इस्त्री करून डॉक्टर आत आले,’ हे वाचून ताई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "डॉक्टर इस्त्री करणार असतील तर मी परीक्षा कशाला देऊ, काका?"

परीक्षेच्या दिवशी चूक झाली ती सवयीने. ताईंनी मला रुमालात घालून आणलं. दारातल्या पर्यवेक्षकांनी रुमाल उलगडला, मला उजेडात धरलं. पाठीवर त्रेचाळीस खुणा, पाच-पाचच्या जुड्यांत. माझ्या आयुष्यातला सगळा मान त्या क्षणी कॉपीचा पुरावा दिसत होता.

"हे काय आहे?"

"झाकायची पट्टी आहे, साहेब. वाक्य झाकायला."

"तुम्ही वाक्य वाचायला आलात की झाकायला?"

पर्यवेक्षकांनी मला वरखाली फिरवलं, अक्षर शोधलं, सापडलं नाही. मला आपल्या टेबलावर ठेवून त्यांनी ताईंना आत सोडलं.

तिथून मला त्यांचा बाक दिसत होता. प्रश्नपत्रिका आली तसा त्यांचा हात उजवीकडे गेला, जिथे मी असायचे. तिथे काही नव्हतं. हात तसाच राहिला. घड्याळात तीन मिनिटं गेली, मी मोजली. मग त्यांनी पदराला बोटं पुसली आणि चारही बोटं त्या स्वच्छ प्रश्नपत्रिकेवर, ओळीच्या मध्ये, आडवी ठेवली. पुढचं मी पाहिलं नाही, कारण टेबल डुगडुगत होतं आणि पर्यवेक्षकांनी मला त्याच्या पायाखाली सरकवलं.

वेळ संपल्यावर ताई मला घ्यायला आल्या. पर्यवेक्षक म्हणाले, थांबा, शिपायाला बोलावतो. तोवर ओल्या गाठोड्यांची सवय असलेल्या ताईंच्या डाव्या हाताने उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांसकट टेबल एका बाजूने उचललंही होतं.

वीसपैकी चौदा आले. ताई मला परत करायला गेल्या तेव्हा काका म्हणाले, ठेवा तुमच्याकडेच. ताईंनी नुसती बोटं दाखवली.

पण काकांनी मला पुन्हा खणात टाकलं नाही. माझ्या पाठीवर चव्वेचाळिसावी खूण केली. अंक निघाला नव्हता, तरी केली. हल्ली मी टेबलावरच असते. धुलाईघरातली इस्त्रीवाली आता चारला येते. ‘साहेबीणबाई’ हे नाव तिनेच ठेवलं होतं.

माझ्या एका कोपऱ्यावर टेबलाच्या पायाचा गोल वळ कायमचा उमटला आहे. म्हणून मित्रांनो, एकच विनंती. डुगडुगत्या टेबलाखाली एखादा जुना पुठ्ठा सारण्याआधी तो उलटून पाहा. आणि तुमची पट्टी कुणी दारातच काढून घेतली, तर हात मांडीवर ओढून घेऊ नका.