एका क्रियापदाची वाट

पोलंडमधल्या सानोकमध्ये नामदिनाला, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या दिवशी, कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याच्या नावाचा दिवस असेल त्याने केक करायचा, चहाचं आधण ठेवायचं आणि घंटी वाजली की दार उघडायचं. आलेल्याला दारातून परत पाठवायची सोय नाही. रोमानाला एरवी ही पद्धत फार आवडायची. आज मात्र या पद्धतीने तिला तिच्याच घरात कोंडून घातलं होतं.

टेबलाच्या एका बाजूला तिची जुनी मैत्रीण चेस्वावा बसली होती, शेजारी तिचा मुलगा कायेतान. आणि बरोबर समोर, फुलं घेऊन न सांगता आलेली ओतिलिया. तिचा नवरा विटोल्ड इंग्लंडात कायेतानबरोबर छपरांची कामं करायचा. उन्हाळ्यात दोराने वर ओढलेला कौलांचा भारा त्याच्या पाठीवर कोसळला. तेव्हापासून तो कंबरेखाली लुळा होऊन अंथरुणाला खिळला होता.

"घे रे, अजून एक तुकडा घे," ओतिलिया कायेतानला आग्रह करत होती. "तू नसतास तर माझा माणूस तिथेच संपला असता. तूच उचलून नेलंस ना त्याला?"

कायेतानने मान हलवली. आधीचा तुकडाच बशीत तसाच पडला होता.

रोमाना शपथ घेतलेली भाषांतरकार. इंग्रजीचा गोल शिक्का गावात तिच्या एकटीकडे. कायेतानचा जबाब भाषांतरासाठी तिच्याकडेच आला होता, कारण दुसरीकडे जाणार कुठे? मूळ कागद तिकडच्या कोर्टात पोहोचला होता आणि शिक्क्याचं भाषांतर उद्या सकाळी कुरियरने निघायचं होतं. सगळं टाइप झालं होतं, एका जागेखेरीज.

तिथे हवं होतं 'पुश्चिच' या पोलिश क्रियापदाचं इंग्रजी. आपल्या सोडण्याचा सख्खा भाऊच म्हणा ना. पोलिश माणूस नळाचं पाणी, साखळीचा कुत्रा, पोराचं बोट आणि गावात अफवा हे सगळं या एकाच क्रियापदाने सोडतो; लाल सदरा धुण्यात रंग सोडतो तोही यानेच. इंग्रजाला मात्र दर वेळी नवं क्रियापद लागतं. रोमानाने उभा जन्म ही क्रियापदं निवडण्यात घालवला होता, आणि त्याचा तिला चांगला तोराही होता. पण इथे निवडण्यासारखं काही नव्हतंच. कायेतानने स्वच्छ लिहिलं होतं: हात भाजायला लागले, धरवत होतं तरी मी दोर सोडला. 'लेट गो'. शाळेतलं पोरही चुकलं नसतं. तरी सकाळपासून ती जागा कोरी होती, कारण रोमाना घाबरली होती.

ती चहा आणायला उठली तशी चेस्वावा पाठोपाठ स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटलं.

"निसटला असं लिही, रोमा. दोर निसटला."

"त्याने तसं लिहिलेलं नाही."

"त्याला काय कळतंय! खुळ्यासारखं खरं लिहून बसला. तुरुंगात टाकतील गं त्याला."

"आणि निसटला म्हटलं तर दोष गाठीवर जाईल. गाठ कुणी मारली होती? विटोल्डने. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या माथी मारू?"

"त्याचं आता आणखी काय वाईट व्हायचंय?" चेस्वावा बोलून गेली आणि स्वतःच दचकली. मग तिने रोमानाचा हात घट्ट धरला. "तुझा नवरा वर्षभर पडून होता, तेव्हा त्याला रोज कोण धूत होतं? तेव्हा मी तुला विचारलं का, कायद्यात बसतं का म्हणून?"

त्या उपकाराची परतफेड होण्यासारखी नव्हती आणि चेस्वावाने आजवर तो एकदाही बोलून दाखवला नव्हता. रोमानाला तिचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

"रोमानाबाई, चहाच्या मळ्यात गेलात की काय!" बाहेरून ओतिलिया हसत ओरडली.

"आले!" रोमाना म्हणाली आणि बाहेर न जाता कामाच्या खोलीत शिरली. चेस्वावा दारात उभी राहिली, वाट अडवून.

रोमानाने 'स्लिप' टाइप केलं. किती सोपं होतं! बाहेर ओतिलिया सांगत होती की विटोल्ड हल्ली स्वतःच्या हाताने दाढी करतो. रोमानाने शब्द खोडला, 'लेट गो' लिहिलं, कागद छापून घेतला आणि लगेच शिक्का मारला.

"झालं?" चेस्वावाने विचारलं.

"झालं."

चेस्वावाला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. रोमानाला तिला सांगायचं होतं, आत्ता, तोंडावर. पण तेवढ्यात चेस्वावाने तिच्या हातातून कागद घेतला आणि हाक मारली, "कायेतान, इकडे ये. तुला येतं ना वाचता, बघ जरा. मावशीने लिहिलंय का मी सांगितलं तसं?"

कायेतान आला. त्याने कागद वाचला. त्याचं बोट त्या ओळीवर थांबलं आणि तिथेच राहिलं. आता हा ओरडणार, रोमानाला वाटलं, आणि ओरडला तर बरंच होईल.

त्याने वर पाहिलं, आईकडे नाही, मावशीकडे.

"बरोबर आहे, आई," तो म्हणाला. "अगदी बरोबर लिहिलंय. सकाळी कुरियरला मीच देतो." आणि कागदाची घडी करून त्याने आतल्या खिशात ठेवली.

चेस्वावा रडायलाच लागली. तिने रोमानाचे दोन्ही हात चुंबले, एकेक बोट धरून, आणि म्हणाली, "माझं पोर वाचवलंस गं." रोमानाला हात ओढून घ्यायचे होते. पण कायेतान पाहत होता आणि नको, नको अशी हलकेच मान हलवत होता.

मग चेस्वावा डोळे पुसून बैठकीत गेली. सबंध दुपारभर जिच्याकडे तिने नजर वर करून पाहिलं नव्हतं, त्या ओतिलियाच्या गळ्यात पडली आणि केकचा सगळ्यात मोठा तुकडा तिच्या बशीत वाढू लागली.