एकाच बाटलीतली लस

त्या डुक्करपालन फार्मवर सगळे तिला सुईताई म्हणायचे. अकरा वर्षं पिल्लांना लस टोचून तिचा हात असा बसला होता की पिल्लू किंचाळायचं ते उचलल्याबद्दल, सुई कधी गेली याचा त्याला पत्ताही लागायचा नाही. त्या सुईताईपुढे मॅनेजरने एक कागद सरकवला.

"सही करा. लस फ्रिजबाहेर राहिली, म्हणून निकामी झाली. एवढंच लिहिलंय."

पंधरा दिवसांत साठेक पिल्लं तापाने गेली होती, आणि सगळी टोचलेली.

"फ्रिजची वही बघितलीत, साहेब? दिवसातून दोनदा मी स्वतः तापमान लिहिलंय."

"वहीत काय, काहीही लिहिता येतं."

हे मात्र तिला झोंबलं. "मग या कागदावरही काहीही लिहिलंय असंच समजते," असं म्हणून तिने तो परत सरकवला.

दुसऱ्याच दिवशी तिला लसीवरून काढून गोठे धुवायला लावलं. खाली वाकून काम करताना ज्या गोष्टी दिसतात त्या तिला तिथे दिसल्या. कोवळ्या माद्या माजावर आलेल्या नसताना त्यांचं मागचं अंग लाल होऊन सुजलं होतं. पिल्लं खाद्यात नाक घालत आणि तसंच सोडून देत. तिने मूठभर खाद्य उचलून हुंगलं. कुबट वास हाताला चिकटला तो साबणानेही जाईना.

जनावरांच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंना तिने फोन लावला. त्या म्हणाल्या, "मक्याला बुरशी लागली की त्यात विष तयार होतं. ते पोटात गेलं की माद्यांचं अंग असं सुजतं आणि प्रतिकारशक्ती ढेपाळते. मग लस चांगली असली तरी तिचा उपयोग होत नाही. पण हे सिद्ध करावं लागेल हं."

खाद्याचं सगळं काम तिच्या सख्ख्या भावाकडे होतं. त्यानेच तिला इथे चिकटवलं होतं. जेवताना तिने विषय काढला, तसा त्याचा हात ताटातच थांबला.

"म्हणजे तू माझ्यावर उलटतेस?"

"दादा, मी मक्याबद्दल बोलतेय."

"तो मका माझ्या हाताखालून जातो. सही करून टाक ना! दोन दिवस लोक बोलतील आणि विसरतील."

"मी नाही विसरणार," ती म्हणाली. त्यानंतर भावाने तिच्याशी बोलणं टाकलं.

सकाळी सगळे कामगार हजर असताना ती मॅनेजरसमोर उभी राहिली. "मला बारा पिल्लं द्या. सहा आपल्या टाकीतलं खाद्य खातील, सहा मी आणलेल्या कोरड्या मक्याचं. टोचायचं तुमच्यासमोर, एकाच बाटलीतून. शेवटी रक्त तपासू. बाराही जणांचं सारखं निघालं तर डोळे मिटून सही करते."

इतक्या लोकांत नाही कसं म्हणणार? मॅनेजर हसला. "होऊन जाऊ दे."

तिने मका स्वतः पारखून आणला, घरीच दळला, त्यात बाकी सगळं टाकीतल्या खाद्याच्या मापानेच मिसळलं. दोन आठवडे पिल्लांना खाऊ घालून मग पहिली मात्रा दिली आणि काही दिवसांनी दुसरी. मध्येच तिच्या सहांतलं एक हगवणीने गेलं. मॅनेजर लगोलग कागद घेऊन गोठ्यात हजर.

"अजून किती तमाशा करणार?"

"एक पिल्लू गेलंय, साहेब. रक्त अजून तपासायचंय. बाजूला व्हा, मला पाणी मारायचंय."

प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा मालकही फार्मवर होते. चांगला मका खाल्लेल्या पाचही पिल्लांच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं भरपूर होती. टाकीतलं खाणाऱ्या सहांपैकी चौघांत जेमतेम, नसल्यासारखीच. सोबत पाठवलेल्या खाद्याच्या नमुन्यात बुरशीचं विषही सापडलं होतं.

मॅनेजरने अहवाल उलटापालटा केला. "पाच-सहा पिल्लांवरून काय ठरतं? आमची टाकी ठणठणीत आहे."

"नाहीये," मागून आवाज आला. तो तिचा भाऊ होता. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज उतरला नव्हता. "वरचं झाकण पावसाळ्यापासून गळतंय. मी तुम्हाला तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, बघू. आणि मी गप्प बसलो, ही माझी चूक."

तो सगळ्यांना टाकीपाशी घेऊन गेला. खालचं दार उघडून त्याने आत पहार घातली. भिंतीला धरलेला जाड हिरवट-काळा थर निखळून मालकांच्या पायाशी पडला. मालकांनी नाकाला रुमाल लावला.

संध्याकाळी मॅनेजरने तिला बोलावलं. बोलणं आता गोडीचं होतं. "ताई, झालं गेलं सोडा. उद्यापासून लस सुरू करा."

"उद्या नाही. टाकी खरवडून, धुऊन, वाळवून झाली पाहिजे. पिल्लांनी दोन आठवडे चांगलं खाल्लं पाहिजे. तोवर मी सुईला हात लावणार नाही."

"मालकांना काय सांगू?"

"मी सांगितलंय. ते हो म्हणाले."

दुसऱ्या दिवशी तोंडाला मास्क बांधून बहीण-भाऊ टाकीत उतरले. दोघं भिंती खरवडायला लागले. मग दादा म्हणाला, "तू सही केली असतीस ना, तर मी जन्मभर गप्पच राहिलो असतो गं."

"माहितीय मला," ती म्हणाली. "तो कोपरा राहिलाय बघ. नीट घास."