दार उघडेल त्याचंच खरं

मी फळी बोलतेय. कपाटातली नव्हे. फॉर्म लावून उभ्याउभ्या लिहायची, डोक्यावर लोखंडी चाप असलेली. माणसं मला पॅड म्हणतात. म्हणोत बापडी. मी भुसा दाबून बनवलेली, म्हणजे अस्सल लाकूडही नव्हे, पण खोटं मला कधी पचलं नाही. आणि तेच वर्षभर माझ्या उरावर लिहिलं गेलं.

कारखान्यातून आम्ही चाळीस बहिणी एका खोक्यातून निघालो आणि थेट मोजणीच्या ऑफिसात पोचलो. कुठल्या भागात किती माणसं कामाला आहेत, त्यात बायका किती, पुरुष किती, तरणे किती, पन्नाशीचे किती, हे मोजायचं ते ऑफिस. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने सतरा आकडा काढला आणि मला मोजणीबाईच्या हातात दिलं.

मोजणीबाई पंचेचाळिशीची. चालायला पक्की, बोलायला तिखट. तिच्याकडे पुलाखालची वस्ती होती. पुलापलीकडे, वरच्या भागात सगळे कारखाने. तिथल्या शंभर माणसांतली सत्तर कामावर, बायकाही निम्म्याशिम्म्या. पुलाखाली शंभरात पंचेचाळीस, आणि बायका म्हणाल तर हाताच्या बोटांवर. असं ऑफिसातले आकडे सांगायचे. आकडे कुठून यायचे, ते माझ्या उराला माहीत.

माझ्यावर लावलेल्या फॉर्मवर प्रत्येक माणसापुढे तीन चौकटी असायच्या. काम करतो, काम शोधतो, दोन्ही नाही. शेवटी एक लहानसा प्रश्न होता. माहिती कोणी दिली, स्वतः की इतर?

हा शेवटचा प्रश्न म्हणजे मोजणीवाल्यांच्या पायातला काटा. 'इतर'वर खूण केली की साहेब परत त्याच घरी पाठवायचा, त्या माणसाला प्रत्यक्ष विचारून या म्हणून. उन्हातान्हात कोण परत जातंय? मग सगळ्यांनी एक युक्ती काढली. दार उघडेल त्याला घरातल्या सगळ्यांचं विचारायचं आणि खूण 'स्वतः'वर करायची. नव्या माणसाला जुने हेच पहिल्या दिवशी शिकवायचे. मोजणीबाईही शिकली.

दार उघडणारी माणसंही एकेक नमुना. पन्नाशीला कामावरून काढलेला माणूस ताठ मानेने सांगायचा, मी निवृत्त आहे. दिवसभर नाक्यावर बसणाऱ्या पोराची आई छातीवर हात ठेवून सांगायची, आमचा काम शोधतोय. आणि सुनेचं विचारलं की सगळीकडे एकच उत्तर.

त्या वस्तीत मोटार बांधणाऱ्याचं एक घर होतं. पंख्याच्या, पंपाच्या जळलेल्या मोटारी तिथे दुरुस्तीला यायच्या. पुढे दुकान, मागे खोली. पाटीवर नाव नवऱ्याचं. आम्ही गेलो तेव्हा तो गिऱ्हाइकाकडे गेला होता. सासूबाई दारातल्या स्टुलावर बसलेल्या. मुलगा काम करतो, मी म्हातारी, असं सांगून झालं. मोजणीबाईने सुनेचं विचारलं.

"ती? ती काही करत नाही हो. घरीच असते."

मागच्या खोलीतून हँडल फिरल्याचा आवाज येत होता. करकर, करकर. तांब्याची तार साच्यावर गुंडाळली जात होती आणि वार्निशचा वास दारापर्यंत येत होता. नवरा बाहेर, सासू स्टुलावर. मग हँडल काय वारा फिरवत होता? मोजणीबाईला कान होते. तरी तिने तिसऱ्या चौकटीत खूण केली, शेवटी 'स्वतः'वर केली आणि पुढच्या घरी निघाली. त्या फेरीत अशा साठ घरांचं माझ्या अंगावर लिहून झालं.

काही महिन्यांनी वस्तीच्या चौकीबाहेर कागद लागला. वस्तीने पुलापलीकडे जायला सकाळी सहाची बस मागितली होती. ऑफिसने ठरवलं होतं की शंभर बायकांमागे निदान वीस काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या निघाल्या तर बस मिळेल. निघाल्या सहा. कागदावर लिहिलं होतं, येथील स्त्रियांना कामाची निकड दिसत नाही, सबब बसची गरज नाही.

वर्षाने तीच घरं पुन्हा मोजायला घेतली. मोटारवाल्याचं दार या वेळी सुनेने उघडलं. बोटांना वार्निश, नखांत तांब्याचा चुरा. मोजणीबाईने नेहमीचं सुरू केलं, पण सून दारातून हललीच नाही. तिने विचारलं की गेल्या वर्षी माझ्यापुढे काय लिहिलंत? मोजणीबाई म्हणाली, तुझ्या सासूबाईंनी सांगितलं तेच.

"त्यांना विचारलंत. मला विचारलंत का, बाई?"

मी मोजणीबाईच्या हातात होते. अंगठा माझ्या चापावर असा रुतला की माझी स्प्रिंग कुरकुरली.

मग सुनेने सगळं सांगितलं. पंख्यांच्या कारखान्यात मोटार बांधायला बायका घेतात. ती परीक्षेला पायी गेली होती, पास झाली होती. पण कामाची पाळी सकाळी सातची आणि पायी वाट दीड तासाची. बस आली तर जागा तिची, नाहीतर महिन्याअखेरीस दुसरीला. वस्तीतल्या आणखी चौघींचं तसंच. दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आले तर तुम्ही लिहून टाकता की यांना दातच नाहीत, असं ती म्हणाली.

सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या, "अगं, घरच्या कामाला काम कोण म्हणतं?"

मोजणीबाईने पिशवीतून ऑफिसचं सूचनांचं पुस्तक काढलं. वर्षभर ते कोरं करकरीत होतं. ती पायरीवर बसली, मला मांडीवर घेतलं आणि बोट ठेवून वाचत गेली. अकराव्या पानावर छापलेलं होतं की घरच्या धंद्यात आठवड्यात एक तास जरी हात लावला तरी ते काम धरावं. तिने ते सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. मग सुनेला विचारलं की आठवड्यात किती तास हँडल फिरवतेस.

"बाई, तुम्ही हँडल थांबलेलं कधी ऐकलंत?"

पहिल्या चौकटीत खूण झाली. खाली 'स्वतः'. या वेळी खरी.

त्यानंतर मोजणीबाईने साठही घरं पुन्हा धरली. सासरा म्हणाला मी सांगतो, तर ती म्हणायची, तुमचं तुम्ही सांगितलंत, आता तिला बोलवा. नवऱ्याने डोळे वटारले तर पायरीवर बसून राहायची. कोणी खोकी चिकटवत होती, कोणी चपलांना पट्टे शिवत होती, कोणी तीनदा पूल ओलांडून काम मागून आली होती. शंभरामागे एकतीस भरल्या.

साहेबाला आकडा पचेना. सहाच्या एकतीस वर्षात कशा झाल्या? इथे मोजणीबाईला पळवाट होती. वस्ती सुधारली, असं म्हणून ती सुटली असती. पण मग वर्षात एवढी सुधारली कशी, याची चौकशी लागली असती, बस लांबली असती आणि महिनाअखेर निघून गेली असती. तिने मला छातीशी धरलं. तिचं काळीज माझ्या पाठीवरच्या सतरावर धडधडत होतं.

"वाढल्या नाहीत, साहेब. गेल्या वर्षीच्या 'स्वतः'वरच्या खुणा खोट्या होत्या. माझ्या हातच्या."

बाकीच्या मोजणीवाल्यांनी आपापल्या फॉर्मांत डोकी खुपसली. त्यांनीही तेच केलं होतं, पण कबूल कोण करणार? साहेबाने आकडा मान्य केला आणि मोजणीबाईला कामावरून काढलं. जाताना ती मला घेऊन गेली. कोणी अडवलं नाही. नव्या लोकांना मोबाइलवर मोजायचं होतं, फळ्या हव्या होत्या कोणाला?

बस सुरू झाली, महिना संपायला चार दिवस असताना. ती मोजणीबाईच्याच गल्लीतून जाते. सून खिडकीतून हात करते. मोटारीच्या दुकानात हँडल आता नवरा फिरवतो, आणि सासूबाई शेजारणींना सांगतात की आमची सून कामाला जाते.

मी सध्या मोजणीबाईच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर झाकण आहे. चाप गंजलाय. डबा हवाबंद होत नाही, पण उंदराला मी पुरून उरते.

परवा दार वाजलं. मोजणीवाली नवी मुलगी, हातात मोबाइल. दार मोजणीबाईच्या नवऱ्याने उघडलं. त्याने स्वतःचं सांगितलं. मग तिने बायकोचं विचारलं.

"ती? ती आता घरीच असते."

मुलीचा अंगठा तिसऱ्या चौकटीकडे निघाला. इतक्यात मोजणीबाईने मला डब्यावरून उचललं आणि पिठाच्या हाताने तशीच दारात गेली. नवऱ्याला कोपराने बाजूला केलं.

"मी जिवंत आहे, पोरी. मला विचार. काम शोधतेय मी. दुसरी चौकट."

मुलीने खूण केली. मोजणीबाईने मान वाकडी करून पडद्यावरचा शेवटचा प्रश्न नीट वाचला, ती खूण कुठे पडते ते पाहिलं, आणि मगच दार लावलं.

तुमच्याही दारात कोणी येईल. आत करकर चालली असेल तर आतलीला हाक मारा. आणि तुम्हीच आतल्या असाल, तर हँडल थांबवा आणि बाहेर या. माझ्या उरावरच्या त्या साठ खोट्या खुणा पुसायला एका बाईची नोकरी गेली. तशी वेळ पुन्हा कोणावर आणू नका.