तहानलेला डोंगा

मित्रांनो, सिमेंटच्या ओट्यावर चढवलेला, चकचकीत रंग दिलेला, झेंडूचा हार घातलेला एखादा डोंगा तुम्हाला दिसला, तर लगेच त्याच्यासोबत फोटो काढू नका. आधी त्याला विचारा, बाबा रे, तुला इथं कोणी बसवलं? मी एक जुना डोंगा, म्हणजे मासेमारीची लाकडी होडी आहे आणि मला हे कोणीच विचारलं नव्हतं. म्हणून आता मीच सांगतो. तुमच्या पुस्तकातल्या भाषेत सांगायचा प्रयत्न करीन, पण मी पडलो सेलू तालुक्यातल्या तलावावरचा. राग आला की माझी वऱ्हाडी सुटते, तेवढं सांभाळून घ्या.

केळझरहून डोंगराच्या अंगानं गेलं की आमचा तलाव लागतो. चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या काठावर बापूजींनी मला बनवलं. बापूजी ढिवराच्या घरातले, मासेमारी त्यांच्या हाडात. त्यांनी सागाच्या फळ्या तासल्या, खिळे ठोकले, फळ्यांमधल्या फटींत कापूस कोंबला आणि वरून गरम डांबर फिरवलं. वर्धा जिल्ह्यातला डोंगा म्हटल्यावर पोटात कापूस असणारच! नंतर मला पाण्यात नेऊन माझं काय काय केलं, ते मात्र मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचं बारसं आठवतं का?

त्यानंतर मी पाण्यातून बाहेर आलो नाही. उन्हाळ्यात तलाव आटला की मी पाण्याच्या मागे मागे सरकायचो, पावसाळ्यात पाण्याबरोबर वर यायचो. पहाटे जाळं, दुपारी काठाला झोप. पुढे बापूजींची सून, देवकाबाई, घरात आली. तिचा नवरा हिंगणघाटच्या सूतगिरणीत कामाला, त्याला पाण्याची भीती. हिला मात्र पाण्याचं भारी वेड. पहिल्याच दिवशी तिनं वल्हं हातात घेतलं आणि मला सरळ बेशरमाच्या झुडपात घुसवलं. बापूजी काठावरून ओरडले, "अवं सुनबाई, मासोळ्या पाण्यात राह्यतात, झाडावर नाई!" महिनाभरात ती अशी तयार झाली की बापूजींनी वल्हं तिच्याकडे दिलं ते दिलंच.

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे नवीनच मंडळी येऊ लागली. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर, नर्सा, रक्त तपासणारे. आठवडाभर रोगी पाहायचे आणि रविवारी गळ घेऊन मासे पकडायला यायचे. देवकाबाई त्यांना माझ्यात बसवून तलावात न्यायची. बुडालेल्या बाभळीच्या खुंटाजवळ मरळ, तलावाच्या भिंतीच्या दगडांत वाम, खोल पाण्यात कटला, हे तिला तोंडपाठ. गळाला सरकीच्या ढेपेचा गोळा कुठे लावायचा आणि झिंगा कुठे, तेही तीच सांगायची. नंदिनी नावाची एक नर्स तर इतकी रमली की एकही रविवार चुकवत नसे. पाहुणे मला 'राजा' म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

एकदा भादव्यात नागपूरचे एक बडे साहेब आले होते. गळाची छडी अशी लांबलचक की माझी मलाच लाज वाटली. खुंटाजवळ गेलो तर पाण्यावर मरळीच्या लाल पिल्लांचा थवा उकळत होता आणि खाली त्यांची माय राखण करत फिरत होती. साहेबांनी छडी उचलली, तशी देवकाबाईनं मला गर्रकन वळवलं.

"अहो बाई, एवढी मोठी मरळ समोर आहे आणि तुम्ही डोंगा वळवताय?"

"तिचे लेकरं हायेत तिच्याजवळ. बाळंतिणीवर गळ टाकत नाई आमी."

"माशाला कसलं आलंय बाळंतपण?"

"घरी जाऊन आईले विचारजा."

साहेब तावातावानं उभे राहिले. मीही अंग थोडं कलतं केलं. साहेब धप्पकन खाली बसले, ते काठ येईपर्यंत उठले नाहीत. पुढच्या साली तेच साहेब बायकोपोरांना घेऊन आले आणि मुकाट्यानं देवकाबाई नेईल तिथं गळ टाकत बसले. असा आमचा दरारा होता.

मग या साली होळीनंतर बापूजी अंगणात पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. सावंगीला ऑपरेशन झालं. देवकाबाई अडीच महिने त्यांच्याजवळ राहिली. मागे तलावावर उरला स्वप्निल. हा तिच्या जेठांचा, म्हणजे मोठ्या दिरांचा मुलगा. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगतो. त्यानं फायबरच्या दोन मोटारबोटी आणल्या, काठावर पत्र्याचं शेड टाकलं, 'फिशिंग पॉइंट' असा बोर्ड लावला. आणि माझ्यावरच्या प्रेमापोटी मला दहा जणांकडून पाण्याबाहेर ओढलं. फाटकाजवळ ओटा बांधून त्यावर बसवलं, निळा तेलरंग मारला आणि खाली पाटी लावली, 'आमचा वारसा'. पावसाळ्यात माझ्या पोटात माती भरून सदाफुली लावायचं ठरलं.

सदाफुली! चाळीस साल ज्याच्या पोटात मासोळ्या उड्या मारत होत्या, त्याच्या पोटात सदाफुली! लोकं यायचे, माझ्या खांद्यावर हात ठेवायचे, दात काढायचे, फोटो काढून चालले जायचे. कोणाले वाटलं नाई का याले विचारावं, बाबू, ऊन लागून राह्यलं का? वैशाखाचं ऊन होतं, वर्ध्याचं! माझ्या फळ्या आतल्या आत तडतडत होत्या. रात्रंदिवस एकच गोष्ट मागत होतो, पाणी. समोर शंभर पावलांवर तलाव दिसत होता.

देवकाबाई परतली ती सरळ तलावावर आली. मला पाहून फाटकातच थांबली.

"काऊन रे स्वप्निल, हा नवरदेव कोणाचा? वरात कुठी चालली?"

"काकू, म्हातारा झाला आता तो. किती राबवाल? जरा मानानं बसू द्या ना. तुम्ही पण आराम करा. शेडमध्ये खुर्चीवर बसून पावत्या फाडा."

"मी पावत्या फाडू?" देवकाबाई एवढंच म्हणाली. पण तिचा आवाज ऐकून शेडवरचे कावळे उडाले.

तेव्हा स्वप्निलनं खरी गोष्ट सांगितली. शुक्रवारी बोटी तपासणारे सरकारी साहेब येणार होते. सहा माणसं बसवून अर्धा तास पाण्यात फिरवायचं आणि आत पाणी येता कामा नये. जी बोट पास होईल तीच यापुढे गळाच्या पाहुण्यांना नेईल. नापास झाली की कायमची काठावर. "लाकडी डोंगा पास होत नाही काकू. नाही पटत तर आज रविवार आहे, आत्ताच टाकून पाहा."

टाकलं मित्रांनो. सगळ्या गावासमोर, रविवारच्या पाहुण्यांसमोर मला पाण्यात टाकलं. मी जीव तोडून तरायचा प्रयत्न केला, पण माझ्या प्रत्येक फटीतून पाणी चुळचुळ करत आत आलं. पाव तासात मी गुडघाभर पाण्यात बूड टेकून बसलो. कोणीतरी हसलं. देवकाबाईनं पदर खोचला होता, तो हळूच सोडला. चाळीस वर्षांत मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.

मला परत काठावर ओढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं एक ऑटो थांबला. आतून आधी चार पायांचा वॉकर निघाला, मग बापूजी. डॉक्टरनं घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं. ते टकटक करत माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी माझ्या फळीवर बोटं फिरवली.

"किती दिवस होता हा उन्हात?"

"दोन महिने, मामाजी," देवकाबाई म्हणाली.

"मंग? दोन महिने मले पाणी नाई दिलं तर मी नाचून दाखवीन का? हा सडला नाई व, तहानला हाय. लाकूड सुकलं, फळ्या आखडल्या, फटी वासल्या. हा निळा मेकअप खरवड आणि दगड भरून पुरा बुडव याले. जन्मला तवा बी मी याले चार दिवस बुडवूनच ठेवलं होतं."

देवकाबाईच्या लग्नापासून मी कधी सुकलोच नव्हतो, मग तिला हे कुठून माहीत असणार? स्वप्निल कपाळाला हात लावून म्हणाला, "आबाजी, जो आधीच बुडते त्याले अजून बुडवायचं?" बापूजी म्हणाले, "हो. आणि तू दगड आणून दे."

दिवसभर देवकाबाई खुरप्यानं माझा रंग खरवडत होती. अंगाची साल निघाली, पण मी हूं की चूं केलं नाही. संध्याकाळी तिनं मला खोल पाण्यात नेलं आणि एकेक दगड माझ्यात ठेवला. काठावर बायका कुजबुजत होत्या, दवाखान्यात राहून हिचं डोकं फिरलं म्हणून. शेवटचा दगड ठेवताना ती वाकून मला म्हणाली, "राजा, बेइज्जत नको करजो बावा." आणि मी गेलो खाली.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. वरचं जग हिरवं दिसत होतं. झिंगे माझ्या कडेवर येऊन बसले, एक छोटी वाम पुढच्या कोपऱ्यात राहायला आली. आणि मी प्यायलो. घटाघटा नाही, लाकूड पितं तसं, मुंगीच्या पावलानं. एकेक फळी फुगत गेली, शेजारणीला जाऊन भिडली, मधला कापूस दाबून धरला. खिळे कुरकुरले. मी त्यांना म्हटलं, चूप बसा, शुक्रवार आहे.

शुक्रवारी मला वर काढलं. देवकाबाईनं डब्यानं आतलं पाणी उपसलं, कापडानं पुसलं. तोवर दोन्ही फायबरच्या बोटी पास झाल्या होत्या. साहेब म्हणाले, "बसा सहा जण." कोणी हललं नाही. रविवारी मला बुडताना सगळ्यांनीच पाहिलं होतं ना! तेवढ्यात नंदिनी पुढे आली. दवाखान्यातून सुट्टी टाकून, गळ घेऊनच आली होती. "माझा एक रविवार चुकला आहे," म्हणत ती बसली. मग मासे विकणाऱ्या दोन बाया बसल्या, मग गावात नळ सोडणारा हरिदास पाणीवाला. वल्ह्यावर देवकाबाई. पाच झाले.

बापूजींनी वॉकर टाकून पाय उचलला. साहेब घाबरले. "आजोबा, तुम्ही नको."

"माह्या डोंग्यात मले कोण अडवते?" बापूजी ओरडले. पण तोल गेला, आणि स्वप्निलनं त्यांना धरलं. त्यानं त्यांना शेडमधल्या खुर्चीवर बसवलं, माझ्याकडे पाहिलं, चप्पल काढली आणि गुपचूप सहावा येऊन बसला. त्याला वाटत होतं, आपण आता बुडणार.

साहेबांनी माझ्या तळाशी कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरला. निघालो आम्ही. मित्रांनो, त्या अर्ध्या तासात मी काय सोसलं ते मलाच ठाऊक. सहा माणसांचा भार, वरून वारा सुटलेला. उजव्या अंगाच्या एका फटीतून एक थेंब आत डोकावला. मी त्याला म्हटलं, खबरदार! देवकाबाई नुसती वल्हवत होती. नंदिनीनं मात्र मधेच गळ टाकला आणि बोटभर मासोळी लागली म्हणून एवढी किंचाळली की काठावरच्यांना वाटलं आम्ही बुडालो.

काठाला लागल्यावर साहेबांनी कागद उचलला. एक कोपरा ओला होता, रुपयाएवढा. साहेब कागदाकडे पाहत राहिले, मग देवकाबाईकडे.

"एवढा घाम तर मलेबी आला, साहेब," देवकाबाई म्हणाली.

साहेब हसले आणि त्यांनी लिहिलं, पास. शेडमध्ये बापूजींनी वॉकर जमिनीवर आपटला. देवकाबाईनं दोन्ही हातांनी माझी कड धरली आणि तिला रडू आलं. मला डोळे नाहीत म्हणून, नाहीतर मीही रडलो असतो. सांगायला लाज कसली?

स्वप्निल खाली उतरला, जरा घुटमळला आणि म्हणाला, "काकू, मले बी शिकवजा ना डोंग्याचं. पण मंग त्या ओट्याचं काय करू?"

"त्याच्यावर तू बस," देवकाबाई म्हणाली. "पाटी तर लागलेलीच हाय."

मित्रांनो, तुमच्याही घरात असं कोणी असेल. म्हातारा माणूस असेल, जुनं काही असेल, ज्याला तुम्ही 'आता आराम करा' म्हणून कोपऱ्यात बसवलं असेल. त्याची काळजी घ्या, पण आधी त्याला काय हवं ते विचारा. कुणाला सावली लागते, कुणाला पाणी लागतं, कुणाला नुसतं काम लागतं. एक दिवस मी मोडेन, मला माहीत आहे. पण तो दिवस माझा मी ठरवीन, आणि ठरवीन तो पाण्यातच. तोवर कोणी म्हणालं की जुन्या डोंग्याचं आता काही खरं नाही, तर त्याला रविवारी इकडे पाठवा. गळ आणि झिंगे घेऊन येजो म्हणा. सहाला निघतो आम्ही. उशीर केला तर मी कोणासाठी थांबत नाई.