छत्तीसपैकी एकतीस

जालन्यात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नरहररावांनी १९५३ साली पत्रिका जुळवायचं एक यंत्र केलं. शेजारच्या बद्रीनाथ जोशीबुवांची दृष्टी मोतीबिंदूनं अधू झाली होती, पंचांगातले बारीक आकडे त्यांना दिसेनात, म्हणून केलं. भिंतीवरच्या मोडक्या घड्याळांची चाकं घातलेली एक लाकडी पेटी. डाव्या मुठीनं मुलाचं नक्षत्र लावायचं, उजव्या मुठीनं मुलीचं. वरच्या काचेत छत्तीसपैकी किती गुण जुळले तो आकडा यायचा. सगळे आकडे बुवांनीच तोंडपाठ सांगितले होते. महिनाभर ताडून पाहिलं, एकही चूक निघाली नाही.

पूर्वी बुवा एका पत्रिकेला तासभर लावत. मुलाचे मामा कोण, घरात माणसं कशी, असं विचारत बसत. काही खटकलं तर गुण जुळत असूनही जुळत नाहीत म्हणून सांगत. हे त्यांनी स्वतःच एकदा नरहररावांजवळ कबूल केलं होतं. यंत्र आल्यावर ते बसणं संपलं. पुढं बुवांना अजिबात दिसेना, तेव्हा पेटी नरहररावांच्या दुकानात आली. लोक येत, आकडा बघत, समाधानानं जात.

१९५५च्या उन्हाळ्यात धावड्याचा कडूबा आपल्या लेकीची, तुळजाची पत्रिका घेऊन आला. स्थळ अंबडकडचं होतं, रामराव नावाचा बागायतदार, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. नाव ऐकून नरहररावांचा हात थांबला. तीन वर्षांपूर्वी ते त्या घरी घड्याळ दुरुस्त करायला गेले होते. ते स्टुलावर उभे असताना आत रामराव बायकोला चुलीतल्या लाकडानं मारत होता. मधलं दार उघडंच होतं. मग तो बाहेर आला आणि घड्याळ किती दिवस चालेल, असं त्यानं शांतपणे विचारलं. नरहररावांनी किल्ली दिली, वेळ लावली आणि ते निघून आले.

त्यांनी मुठी फिरवल्या. काचेत एकतीस आला.

कडूबानं पेटीला हात जोडले. "एकतीस. मंग आता काय पाह्यचं राह्यलं?"

आकडा खरा आहे, आपल्याला कोणी काही विचारलेलं नाही, असं नरहररावांच्या मनात आलं. "आकडा बराबर आहे," एवढंच ते म्हणाले.

सव्वा वर्षानं कडूबा परत आला, बरोबर तुळजा होती. ती माहेरी निघून आली होती आणि तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. जन्मवेळ चुकीची धरली गेली असेल किंवा यंत्रात बिघाड असेल, असं कडूबाला वाटत होतं. नरहररावांनी पुन्हा मुठी फिरवल्या. एकतीसच आला. कडूबा खाली बसला.

तुळजा उभीच होती. "काका, तुमाला म्हाईत व्हतं का, त्यो कसा हाये ते?"

"माहीत होतं. पण मला कोणी विचारलं नाही."

तिनं उजवा कान त्यांच्याकडं केला. नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा, म्हणाली. तेच वाक्य त्यांना पुन्हा, मोठ्यानं बोलावं लागलं.

त्या दिवसापासून नरहररावांना काही वाटेनासं झालं. दुकान ते वेळेवर उघडत, पण जेवताना भाजीत मीठ आहे की नाही तेही कळत नसे. एकदा ते बुवांकडं गेले आणि हे पाप कोणाचं, असं विचारलं.

बुवा म्हणाले, "कर्माला कर्ता लागतो, नरहर, आणि कर्त्याला इच्छा लागते. पेटीला इच्छा नाही, म्हणून तिला पाप नाही. पण तिला लागलं नाही म्हणून ते नाहीसं होत नाही. ते आपल्या दोघांकडं येतं. माझे डोळे गेले होते, विचारायला तोंड होतं की."

पुढं मशिदीतले वहीदमियाँ घड्याळ न्यायला आले, तेव्हा दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तशी नरहररावांनी त्यांनाही सांगितली. मियाँ सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "पेटीला नियत न्हाई. कयामतच्या दिवशी तिला कोणी सवाल करनार न्हाई. त्या चूप बसनाऱ्या आदमीला करतील. पर तोवर वाट कशाला पाह्यची? ज्या पोरीचं वाटोळं झालं, ती जित्ती आहे ना?"

दोघांचं म्हणणं पटलं, तरी रडू आलं नाही, हलकंही वाटलं नाही. चार दिवसांनी नरहरराव धावड्याला गेले. नवऱ्यापासून वेगळं राहायची परवानगी आता कायद्यानं मागता येते, अर्ज करा, मी साक्ष देतो, असं त्यांनी सांगितलं. कडूबा इज्जतीच्या भीतीनं नको म्हणत होता. तुळजानं मात्र लगेच, कधी जायचं, असं विचारलं.

औरंगाबादच्या कोर्टात नरहररावांनी पाहिलेलं सगळं सांगितलं. रामरावाच्या वकिलानं उलटतपासणी घेतली. लग्न जमलं तेव्हा तुमच्याच यंत्रानं एकतीस गुण दाखवले होते ना, असं त्यानं विचारलं. नरहरराव हो म्हणाले.

"मग खोटं कोण? यंत्र की तुम्ही?"

"यंत्र खरं बोललं. पण त्यानं काही पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं, आणि मी गप्प बसलो."

कारकुनानं ते लिहून घेतलं.

निकाल तुळजाच्या बाजूनं लागला. नंतर ती जालन्यातल्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकली आणि मावशीकडं राहू लागली. दुकानावरून जाताना ती कधी थांबली नाही. तिनं थांबावं, असं नरहररावांनाही वाटलं नाही. आपल्या घरातलं बाहेर सांगणारा माणूस म्हणून मोठ्या घरांनी त्यांना बोलावणं बंद केलं.

बुवा वारल्यावर पत्रिका पाहणारे त्यांचे भाऊबंद यंत्र मागायला आले. नरहररावांनी त्यांना समोर बसवून झालेली हकिगत सांगितली. त्यांनी ती आदरानं ऐकली, आणि आकडे तर बरोबर येतात ना, एवढं विचारून पेटी भोकरदनला नेली. नरहररावांनी गाडीपर्यंत जाऊन ती जाताना पाहिली, मग आत येऊन एका मनगटी घड्याळाचं झाकण उघडलं.