सहा उंदरांची पहिली आंघोळ

कल्पना करा, मुलांनो, तुम्ही उंदराच्या पोटातलं यकृत आहात. आत मिट्ट काळोख. मालक नर की मादी, तुम्हाला कोण सांगणार? मग तुम्ही रक्तातून येणाऱ्या वाढीच्या हार्मोनवर लक्ष ठेवता. तीन-चार तासांनी लोंढा आला आणि मध्ये शुकशुकाट, तर मालक नर. दिवसभर संथ झिरपत राहिलं, तर मादी. त्याप्रमाणे तुम्ही नराची किंवा मादीची एन्झाइम्स बनवायला घेता.

मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत अनुपमा मॅडम यकृताला यातच फसवू पाहत होत्या. सहा नर उंदीर, प्रत्येकाच्या कातडीखाली कॅप्सूलएवढा पंप. तिघांत अखंड झिरपणारं हार्मोन, तिघांत नुसतं मिठाचं पाणी. कोणात काय, ते शेपटीवरच्या पेनाच्या रेघांवरून कळायचं.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी त्या रेघा गायब!

"गुणाजी, हे ओले का? आणि वास कसला येतोय?"

"उटण्याचो, बाई."

नाहूरचा गुणाजी. संपात गिरणी गेली, तेव्हापासून इथे रोजंदारीवर पिंजरे सांभाळायचा. त्याला कायम करायच्या कागदावर मॅडमची सही आजच व्हायची होती. शाळेला सुट्टी म्हणून आठ वर्षांची प्रेमा बापाबरोबर आली होती.

"आंघोळ कोणी घातली?"

प्रेमाने तोंड उघडलं, पण गुणाजीच आधी बोलला, "मीच. सणाच्या दिवशी पारोशे कशे ठेवूचे?"

"वाट लागली! आता कोण कुठला, कसं कळणार?"

"त्यात काय? हो राजाराम जॉबर, एक रेघ. सारखो दुसऱ्याच्या खाण्यावर डोळो. हो अंबादास, तीन रेघो. पाळीभर झोपता."

"तुम्ही यांना नावं दिलीत?"

"गिरणीतल्या आमच्या खात्यातलीच माणसा, बाई. जॉबर म्हणजे मुकादम. संपानंतर कोण भेटाक नाय."

मॅडमनी कालच्या वजनांची वही काढली. गुणाजीने एकेक उंदीर ओळखून द्यायचा, त्यांनी तो तोलायचा. सहाच्या सहा जुळले.

मॅडमनी हसू दाबलं. "पण प्रयोगाचे उंदीर धुणाऱ्या माणसाला कायम कसं करू? सही कशी करू मी?"

गुणाजीने शेवटचा उंदीर परत पिंजऱ्यात ठेवला.

प्रेमा पुढे आली. "बाबांनी नाही. ते भुसा आणायला गेलेले. मी घातली."

एवढं बोलून तिने दोन्ही कान धरले आणि मोठ्याने मोजत उठाबशा काढायला सुरुवात केली. आठव्याला मॅडम "पुरे गं" म्हणाल्या. अकराव्याला त्यांनी गुणाजीचा कागद पुढे ओढून पेनाचं टोपण काढलं. तरी ती थांबली नाही. तिच्या शाळेत असल्या गुन्ह्याला पंचवीस असत.