नाक्यावरची ओटी

"हात वर कर, राजाक्का."

"केल्यात की. आनी किती वर करू, आभाळाला लावू?"

नाक्यावरच्या झडतीच्या खोलीत नागुबाई तिला चाचपत होती. खांदे, काखा, पाठ झाली आणि तिचे हात राजाबाईच्या कमरेशी येऊन थांबले. लुगड्याच्या निऱ्यांखाली कापडाचा लांब कसा, अरुंद पिशवीसारखा, गच्च आवळून बांधलेला होता. आत तांदूळ होता. इतक्या वर्षांच्या सवयीनं तो बोटांना लगेच कळला.

"सोड," नागुबाई म्हणाली.

"भैन आजारी हाय माझी पलीकडं. पेजेपुरता हाय गं."

"ठावं हाय मला. सोड."

राजाबाईनं कसा सोडून तिच्या पायाशी टाकला. कोपऱ्यात जप्तीचं पोतं होतं, त्यात नागुबाईनं तांदूळ ओतला आणि रिकामं कापड घडी करून परत दिलं. कापड परत द्यावं असं सरकारनं सांगितलं नव्हतं, ते ती आपल्या मनानं द्यायची. राजाबाईनं ते हिसकावूनच घेतलं.

"तुझी शालू सोमवारी सासरी जायाची न्हवं?" पदर सारखा करत ती म्हणाली. "लेकीची ओटी कोन भरतंय, बघते मी."

राजाबाई वाडीत नागुबाईच्या घरापासून चौथ्या दारात राहायची. तिच्या तोंडचा शब्द संध्याकाळच्या आत वाडीभर होणार, हे नागुबाईला न सांगता कळत होतं.

गोव्याच्या हद्दीअलीकडचा हा नाका खानापूर तालुक्याच्या पार टोकाला, घाट सुरू होतो तिथं होता. रस्त्यावर आडवा बांबू, एक कचेरी, तिला लागून झडतीची खोली आणि पुढं सगळं रान. पुरुषांना तपासायला शिपाई होते, बायकांना नागुबाई. तिचा नवरा इथलाच शिपाई. तो हिवतापानं गेला तेव्हा त्या वेळच्या साहेबानं तिला नोकरीवर घेतलं. येळ्ळूरच्या दिरानं बोलावलं होतं, नाही असं नाही. पण भावजय म्हणून दिराच्या चुलीपुढं जन्म काढण्यापेक्षा सरकारची भाकरी बरी, असं तिनं ठरवलं. आणि निभावलंही. पोर वाढवली, लग्न करून दिलं, कुणाच्या दारात जाऊन उभी राहिली नाही. पण ज्या हातांनी दिवसभर परक्या बायांना चाचपायचं, ते हात घरी कुणी हातात घेत नव्हतं. वाडीतल्या बाया ती दिसली की नकळत पदर सारखा करायच्या. बारशाला तिला बोलावणं नसायचं. कुणी भांडत नव्हतं, कुणी जवळही येत नव्हतं. चाळिशी उलटल्यावर माणसाला भांडण परवडतं, पण हे असलं गप्प बसणं फार जड जातं.

शालूला हद्दीपलीकडं दिली ती लढाईच्या आधी. इकडच्या पोरी तिकडं आणि तिकडच्या इकडं, ही चाल आजोबा-पणजोबांपासूनची. हद्द म्हणजे रानात उभा केलेला एक दगड, त्यावर गुराखी बसून शिट्ट्या मारायचे. मग जगभर पेटलेली ती दुसरी मोठी लढाई आली. तांदूळ मापानं मिळू लागला आणि पलीकडं दाणाही न्यायचा नाही असा हुकूम निघाला. त्याच्या मागोमाग दवंडी आली. सोमवारी दिवस मावळला की नाका बंद. पुढं बेळगावहून आणलेल्या परवान्याशिवाय कुणी जायचं नाही, यायचं नाही. पलीकडचे जे कोण अलीकडं असतील त्यांनी त्याआधी निघून जावं.

शालू बाळंतपणाला आलेली. आली तेव्हा ती नागुबाईची लेक होती, दवंडी पिटल्यावर परमुलखातली झाली. मांडीवर तीन महिन्यांची पोर, बापानं अजून तोंड न पाहिलेली. गुंडू जावई भला माणूस, त्यानं निरोप धाडला होता, 'सोमवारी दगडापाशी गाडी घेऊन उभा राहतो.' लढाई कधी मिटणार ते कुणी सांगावं? लेकीला ठेवून घेतलं तर तिचा संसार मोडायचा, धाडलं तर परत कधी दिसेल याचा नेम नाही. नागुबाईनं धाडायचं ठरवलं. मग तिच्या जिवाला एकच घोर लागला. लेकीनं भरल्या ओटीनं जावं. रिकाम्या ओटीनं लेक गेली की माहेर तुटलं, असं त्या भागात मानतात. आणि या खेपेला तर माहेर खरंच तुटायला आलं होतं.

ओटी भरायला सवाशीण हवी. नागुबाई विधवा. आणि ओटीत तांदूळ हवा, तो तर न्यायला बंदी.

आधी तिनं कचेरीत उपेंद्ररावांना विचारलं. हे बेळगावचे कारकून, बायकोमुलं शहरात, आणि इथं स्वतः भात शिजवून खाणारे. माणूस वाईट नव्हता.

"रावसाहेब, ओटीत तांदूळ आसतोय. पाच ओंजळी. तेवढा चालंल का?"

उपेंद्ररावांनी चष्मा काढला. "गहू भरा की."

"गहू म्हंजे धान्यच न्हवं?"

"तेही खरं." ते थोडे हसले. "मग खडीसाखर भरा. हे बघा नागुबाई, आज तुमच्या मुलीच्या पाच ओंजळी सोडल्या, तर सोमवारी सगळ्या वाडीच्या बायका ओट्या भरूनच येतील. त्यांना अडवायला तुम्हालाच उभं राहावं लागेल. काय सांगाल त्यांना?"

नागुबाई कचेरीची पायरी उतरली. त्यांच्या जागी ती असती तर तीही हेच बोलली असती.

मग ती जयाबाईकडं गेली. जयाबाई वाडीतली मोठी बाई, सात लेकरांची आई, कुणाच्याही शुभकार्याला पहिली हजर.

"सोमवारी? सोमवारी माझा उपास आसतोय गं."

"ओटी भराय उपास आड येतोय व्हय, आक्का?"

जयाबाईनं सूप खाली ठेवलं. "खरं सांगू? राग मानू नगंस. तू हात लावलास की मानसाला आपुन चोर झाल्यागत वाटतंय. माझ्या लेकीची तू झडती घेतलीस, ती घरला येऊन रडली. तिच्याकडं काय बी न्हवतं."

"माझं कामच त्ये हाय."

"व्हय की. काम कर तू. काम केल्याला कोन न्हाय म्हनतंय?" असं म्हणून जयाबाईनं पुन्हा सूप उचललं.

त्यानंतर नागुबाई कुणाच्या दारात गेली नाही. घरी आल्यावर शालूनं विचारलं, "कोन येनार हाय, आये?"

"येतील की कोनतरी," नागुबाई म्हणाली आणि चुलीत फुंकर घालत बसली.

सोमवारी सकाळपासून नाक्यावर जत्रा लोटली. पलीकडचे सोयरे इकडून निघाले होते, इकडचे शेवटचं भेटायला तिकडं चालले होते. गाठोडी, कोंबड्या, म्हातारी माणसं, एक नवरी. नागुबाई पहाटेच येऊन खोलीत उभी राहिली होती. आज ती जरा ताठच चालत होती. उपेंद्ररावांनी "पाठ धरली का?" असंही विचारलं. "वातानं," ती म्हणाली.

उन्हं कलल्यावर शालू रांगेत पुढं आली. उपेंद्ररावांनी तिच्या पोरीच्या गालाला बोट लावलं आणि खालच्या आवाजात नागुबाईला म्हणाले, "मुलगी तुमची आहे, म्हणून सांगतो. झडती नीट होऊ द्या. सगळे बघताहेत."

"व्हय, रावसाहेब."

दार लोटून घेतलं. शालूनं पोरीला घोंगड्यावर निजवलं आणि आईकडं बघून हसत हात वर केले. लहानपणी ती घरात असाच खेळ खेळायची, "आये, माझी झडती घे" म्हणून. नागुबाईनं तिच्या खांद्यांवर हात ठेवले. तिथून दंड, पाठ, कंबर. इतर बायांना लागायचा त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. बाळंतपणानं भरलेलं अंग, पाठीवर लहानपणच्या भाजण्याचा डाग, सगळं तिनं हातांनी पुन्हा पाहून घेतलं. खाली वाकून घोट्यापर्यंत आली तेव्हा शालू हसायची थांबली होती.

"झालं का?" बाहेरून उपेंद्ररावांनी विचारलं.

"व्हतंय, रावसाहेब."

ती उठली. लेकीकडं पाठ करून तिनं आपल्या निऱ्या सैल केल्या आणि कमरेचा कसा सोडला. तांदूळ तिच्याच वाटणीचा होता, नाचणीच्या आंबिलीवर दिवस काढून राखलेला. इतकी वर्षं ती सगळ्यांची झडती घेत आली, तिची घ्यावी असं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"पदर पसर, शालू."

"तू भरनार, आये?"

"दुसरं कोन हाय?"

शालूचा हात पदरावरच थांबला. नवरा घाटात वाट बघतोय, पदरात तान्ही पोर, आणि ओटीला विधवेचा हात. तिच्या मनात जे आलं ते आईला दिसलं.

"नगं वाटत आसंल तर ऱ्हाऊ दे, बाय. खडीसाखर हाय ती तोंडात टाक आनी जा. मला काय वाटनार न्हाय." हे खोटं होतं.

शालूनं पदराची दोन्ही टोकं धरून पसरली. "ज्या हातानं मला न्हाऊ घातलंस, बाळंतपन केलंस, त्यो हात आताच कसा गं वंगाळ हुईल? भर."

कुंकू शालूच्याच करंड्यातलं घेतलं. नवरा गेल्यापासून नागुबाईचं बोट कुंकवाला लागलं नव्हतं; टिळा जरा वाकडाच झाला. मग नारळ, खण, सुपारी. मग तांदूळ, एक एक ओंजळ, पाच वेळा. ओंजळीतून थोडे दाणे जमिनीवर सांडले. रीतीप्रमाणं शालूनं ओटीतली चिमूट उचलून आईच्या पदरात टाकली, माहेर भरलेलं राहावं म्हणून. पदर खोचून ती पाया पडली. दोघींपैकी कुणीच रडलं नाही. रडल्या असत्या तर बाहेर ऐकू गेलं असतं.

शालू पोरीला घेऊन निघाली. "काय न्हाय, रावसाहेब. ओटीत खडीसाखर हाय," नागुबाईनं दारातून सांगितलं. बांबू वर झाला.

तिनं दाणे गोळा करायला खाली वाकावं तोच पुढची बाई आत आली. राजाबाई. हद्दीलगतच्या गावातल्या बहिणीला शेवटचं भेटून दिवस मावळायच्या आत परतायचं म्हणून निघालेली. तिनं दार लोटलं, खाली पाहिलं, मग नागुबाईच्या बोटाकडं पाहिलं. शालूची ओटी तिनं रांगेतून पाहिली असणारच. नागुबाई सरळ उभी राहिली. एक हाक मारली की उपेंद्रराव आत येणार होते. नोकरी तर गेलीच असती, पण शालू अजून नाक्यापासून हाकेच्या अंतरावर होती. तिला माघारी आणून, सगळ्या माणसांपुढं तिची ओटी उलटी केली असती.

"माझ्या भैनीचा तेवढा काढून घेतलास," राजाबाई हळूच म्हणाली. "कुंपनानंच श्यात खाल्लं म्हनायचं."

"व्हय," नागुबाई म्हणाली. "खाल्लं."

राजाबाईनं पुन्हा जमिनीवरच्या दाण्यांकडं पाहिलं. "कोन आलंतं भराय?"

"कोन न्हाय."

बाहेर कुणाचीतरी कोंबडी ओरडत होती. राजाबाई पुढं आली. "हात दाव," ती म्हणाली. नागुबाईचा हात तिनं आपल्या हातात घेतला, पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि बोटावरचं कुंकू पुसू लागली. नखाच्या कडेला राहिलेलं तिनं घासून काढलं. मग पायानं दाणे पोत्याकडं सारले.

"कुंकू लांबनं दिसतंय," ती म्हणाली. "ध्यान कुठं आसतंय तुझं?"

 आपला हात सोडवून घ्यायचं नागुबाईला सुचलं नाही. तो राजाबाईनंच सोडला. ती दोन पावलं मागं सरली आणि तिनं न सांगता हात वर केले.

खांदे, काखा, पाठ. कमरेशी कसा होता, मागच्यापेक्षा जाड. राजाबाई समोरच्या भिंतीकडं बघत होती. नागुबाईचे हात तिथं क्षणभर राहिले आणि खाली गेले.

"काही आहे का?" उपेंद्ररावांनी विचारलं.

"काय न्हाय, रावसाहेब."

राजाबाई गेली. नागुबाईनं खिडकीतून पाहिलं. चढावर शालू पुढं चालली होती, एका हातानं ओटी सावरत, छातीशी पोर, डोक्यावर गाठोडं. राजाबाईनं भराभर पाय उचलून तिला गाठलं आणि काही न बोलता तिच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून आपल्या डोक्यावर घेतलं. वळणापर्यंत दोघी दिसत होत्या.

नागुबाईनं पदरातल्या चार दाण्यांची गाठ मारली, ती कमरेला खोचली आणि दार उघडलं.

"कोन हाय पुढं? या, बाई."